कान नुसता चपराशी

हर्डीकर सरांना कुणी "ऐकलंत का?" असं विचारू नये, हे आमच्या बिल्डिंगमध्ये नव्याने राहायला येणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं. पाण्याची मोटर केव्हा लावायची आणि कचरागाडी केव्हा येते, त्याच्याही आधी. कारण "ऐकलंत का?" म्हटलं की सर जिन्यात थांबत, हातातली पिशवी कठड्यावर टेकवत आणि म्हणत, "कुणी ऐकायचं? मी, की माझ्या मेंदूने?" मग तुमची गॅसवरची भाजी करपो, नाहीतर बस चुको, सर पिशवी उचलेपर्यंत सुटका नसे.

सर आमच्या त्या हिंदी मुलखातल्या शहरात, एका सरकारी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झाले होते. म्हणजे पगार प्राणिशास्त्राचा घेतला, शिकवलं मात्र जन्मभर एकच: मेंदूतली रसायनं. विषय बेडकाचा असो की गांडुळाचा, तास संपता संपता गाडी डोपामिनवर यायचीच. मुलं त्यांना डोपामिन सर म्हणायची. देवास गेटला बसमधून उतरून रिक्षावाल्याला "हर्डीकर सर के यहाँ" म्हटलं तर तो विचारात पडायचा. "डोपामिन सर के यहाँ" म्हटलं की थेट फ्रीगंजात, आमच्या फाटकाशी आणून सोडायचा. अर्ध्या रिक्षावाल्यांना सरांनीच कधी ना कधी नापास केलेलं होतं.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर. मी बँकेतली. आयुष्यभर काउंटरमागे बसून लोकांचं ऐकून घेण्याचाच पगार घेतला, त्यामुळे ऐकण्याचं शास्त्र मला कुणी शिकवू नये असं माझं मत होतं. सरांपर्यंत ते मत कधी पोचलं नाही.

"सुनंदा," ते म्हणत, "कान हा नुसता चपराशी. दारात स्टुलावर बसलेला. बाहेर आवाज झाला की तो चिठ्ठी आत नेऊन देतो. साहेब भेटणार की नाही, हे साहेबाच्या मूडवर. आणि मूड म्हणजे काय? रसायनं! नॉरअॅड्रिनॅलिन वाढलं, की साहेब दचकलेला. सुई पडली तरी 'कौन है बे?' म्हणून ओरडतो. अॅसिटिलकोलीन सुटलं, की साहेब चष्मा लावून बसतो, शंभर चिठ्ठ्यांतली एक उचलतो आणि तीच वाचतो. सेरोटोनिनमुळे एकटा असताना तीच चिठ्ठी वेगळी वाटते, चार माणसांत वेगळी. आणि डोपामिन? काही नवीन आलं, की साहेब खुर्चीतून उठून दारापर्यंत येतो!"

"आणि सर, साहेब सुट्टीवर असला तर?" मी एकदा विचारलं.

"त्याला झोप म्हणतात," सर म्हणाले. त्यांच्याशी थट्टा करून फायदा नसे. थट्टेलाही ते मार्क देत.

खांद्यावरच्या झोळीत ते एक स्टीलची वाटी आणि चमचा बाळगत. बोलता बोलता वाटी काढून तुमच्या कानाशी टण्णकन वाजवत आणि विचारत, "कशी वाटली?" गोड वाटली म्हटलं तर तुमचं बरं चाललंय. डोक्यात गेली म्हटलं तर झोप झालेली नाही, नाहीतर घरात भांडण आहे. टावर चौकातल्या पोहेवाल्यापासून आमच्या चौकीदारापर्यंत सगळ्यांची परीक्षा झालेली होती. चौकीदाराला त्यांनी "कैसी लगी?" विचारलं, तेव्हा त्याने वाटीत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "सर, ख़ाली है."

माझी मुलगी इंदूरला डॉक्टर आहे. मी मोठ्या आशेने तिला विचारलं, की हे सगळं थोतांड आहे ना? ती म्हणाली, "नाही आई, ते सांगतात त्यात खोट नाहीये. असंच असतं साधारण." हेच तर वाईट होतं. थापा मारणाऱ्याचं तोंड बंद करता येतं. खरं शास्त्र घेऊन भलत्याच दारात उभ्या राहणाऱ्या माणसाचं काय करणार?

आमच्या समोर एक मॅरेज गार्डन उघडलं, त्या वर्षीची गोष्ट. लग्नसराईत रोज डीजे. खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, माझ्या फडताळातले कप आपोआप सरकून कडेला यायचे. शेवटी गच्चीवर मीटिंग झाली आणि सगळ्यांच्या सह्यांनिशी पोलीस थान्यात तक्रार द्यायचं ठरलं. पहिली सही सरांची, वयाने मोठे म्हणून. सरांनी पेन खाली ठेवलं. "गोंगाट डीजेत नाहीये," ते म्हणाले, "तो तुमच्या डोक्यात आहे. डीजे नुसती हवा हलवतो. त्रास करून घ्यायचं काम तुमचं नॉरअॅड्रिनॅलिन करतं. आधी त्याची तक्रार द्या."

आणि दुसऱ्या दिवशी हे गृहस्थ डीजेच्या अगदी समोर, गॅलरीत खुर्ची टाकून पेपर वाचत बसले. पापणीसुद्धा हलली नाही. आमचे सेक्रेटरी गुप्ताजी हात जोडून म्हणाले, "सर तो महात्मा हैं, भिया. कान पर जूँ तक नहीं रेंगती!" तक्रार बारगळली. खोटं कशाला सांगू, मलाही क्षणभर वाटलं, की माणूस पोचलेला आहे. निर्मलाकाकू, म्हणजे सरांच्या बायको, जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. त्या हसत होत्या हे मला दिसलं, कशाला हसत होत्या ते कळलं नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या शर्मांच्या सुनेला बाळ झालं, तेव्हाही सर मदतीला धावले. बाळ रडलं की सून दोन खोल्या पलीकडून उठून यायची आणि नवरा शेजारी घोरत असायचा. त्यावरून घरात रोज कटकट. सरांनी निकाल दिला: बाळंतिणीच्या मेंदूत ऑक्सिटोसिन असतं, त्याने बाळाचं रडणं धारदार होऊन पोचतं. नवऱ्याकडे ती व्यवस्था नाही, सबब त्याला दोष देऊ नये. नवऱ्याला आयतं सर्टिफिकेट मिळालं. तो दुसऱ्या दिवसापासून निर्धास्त घोरू लागला. शर्मांची सून पेढे द्यायला आली तेव्हा सरांना म्हणाली, "सर, ये ऑक्सीटोसिन बाज़ार में मिलता हो तो इनको भी पिला दो ना थोड़ा." सर म्हणाले, "प्रश्न चांगला आहे," आणि पुढचा अर्धा तास तिला उभं ठेवून उत्तर दिलं. बाळ आत रडत होतं.

आता काकूंबद्दल. काकूंचा जन्म प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेला. आवाज खणखणीत. मागच्या बाकावरच्या झोपाळू पोरालाही सतराचा पाढा ऐकू जाईल असा. आमच्या मराठी मंडळात गणपतीची आरती त्यांच्याशिवाय उठत नसे. घरी मात्र हा आवाज भिंतींसाठी होता. "अहो, चहा ठेवलाय." "अहो, चहा." "अहो!" सरांचा चहा झालाय हे खाली मला कळायचं, वर शर्मांना कळायचं, चौकीदाराला कळायचं. सरांना कळायचं नाही. "अहो, मोटर बंद करा, टाकी वाहायला लागलीय," हे तर आम्ही सगळे तोंडपाठ म्हणत असू. शेवटी काकू स्वतःच जाऊन बटण बंद करायच्या. मी एकदा सरांना विचारलंच, तर म्हणाले, "सवयीचा आवाज आहे तो. मेंदू सवयीच्या आवाजावर रसायन खर्च करत नाही. तुला घड्याळाची टिकटिक ऐकू येते का?"

काकू तिथेच कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मंडळाच्या गणेशोत्सवात सरांचं भाषण ठेवणं हा आमच्या कार्यकारिणीचा दरवर्षीचा नाइलाज होता. त्या वर्षी ते अंताक्षरी आणि प्रसाद यांच्यामध्ये दाबून बसवलं होतं, म्हणजे उठून जायची कुणाची हिंमत होणार नाही. माइकने सुरुवातीलाच अशी शिट्टी मारली, की सगळ्या सभागृहाने कानांवर हात ठेवले. सर शांतपणे बोलत राहिले. चपराशी झाला, साहेब झाला, वाटी वाजली. लोक घड्याळं बघायला लागले. ते सरांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी एकदम पहिल्या रांगेकडे हात केला.

"आता आमच्या मंडळींचंच उदाहरण घ्या. या समोर बसल्यात. इतक्या वर्षांत यांचा आवाज माझ्या मेंदूने केव्हाच खात्यातून कमी करून टाकलाय. शेजारच्या नव्या वहिनींनी हाक मारली तर डोपामिन धावत सुटेल. यांनी मारली तर साहेब म्हणतो, 'अरे, ये तो रोज का है. जाने दो!'"

सभागृह कोसळलं. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या, गुप्ताजी पाहुणे म्हणून आले होते, त्यांनी तर शिट्टी मारली. वर्षानुवर्षं भाषणं देऊन सरांना असं हशा-टाळ्यांचं घबाड प्रथमच मिळालं होतं. ते इतके खूश झाले, की तेच वाक्य त्यांनी परत म्हटलं. काकू माझ्या शेजारी होत्या. त्याही हसल्या. सगळे हसत असताना न हसणं त्यांना बरं दिसलं नसतं. पण प्रसादाचा मोदक त्यांनी खाल्ला नाही, कागदात गुंडाळून पिशवीत टाकला. बाहेर चपला घालताना मला म्हणाल्या, "सुनंदा, सवयीचा आवाज बंद पडला तर काय होतं ग? ते नाही सांगितलं यांनी."

"घड्याळ बंद पडलं की लक्षात येतं म्हणतात," मी म्हटलं.

"असं का?" काकू म्हणाल्या. "बघून घेऊ."

आणि दुसऱ्या दिवसापासून काकू सरांशी बोलायच्या बंद झाल्या. रुसवा नाही, आदळआपट नाही. चहा वेळेवर, पोळी गरम, सदऱ्याला इस्त्री. माझ्याशी बोलत, शर्मांच्या बाळाशी बोलत, हैदराबादच्या मुलाशी फोनवर खळखळून बोलत. फक्त सरांच्या वाट्याचं बोलणं थांबलं. मला त्यांनी शपथ घातली होती, की मधे पडायचं नाही. मी रोज वाट बघायची, की आज सर काहीतरी विचारतील. गणपती गेले. पितृपक्ष लागला. एक दिवस सर जिन्यात भेटले, चेहऱ्यावर समाधान नुसतं ओसंडत होतं. "सुनंदा, आजकाल घरात काय शांतता आहे म्हणून सांगू! वय झालं की मेंदू नको ते गाळायला शिकतो बघ. पिकलेल्या मेंदूचं लक्षण आहे हे."

माझ्या जिभेवर काय आलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चौकाचौकांत देवीचे मांडव लागले होते, तेव्हा एका सकाळी सर माझ्याकडे खाली आले. झोळी नव्हती. "तुझ्या काकूच्या घशाला काही झालंय का ग?" त्यांनी विचारलं. "काल वाटी वाजवून विचारलं, कशी वाटली, तर तिने नुसती मान हलवली. मग मी आठवायला बसलो, ती शेवटचं काय बोलली माझ्याशी. आठवेचना."

"काकूंच्या घशाला?" मी म्हटलं. "आत्ता गॅसवाल्याला अशी झापलीये त्यांनी, की नानाखेड्यापर्यंत ऐकू गेलं असेल."

सर माझ्याकडे बघत राहिले. "मग केव्हापासून?"

"तेव्हा गणपती होते, सर. आता देवी बसली."

ते माझ्या दारातल्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "तू चल माझ्याबरोबर. कान दाखवून येऊ. तिला नको सांगूस."

कान तपासणाऱ्या मुलीने सरांना काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं आणि शिट्टी ऐकू आली की दाबा म्हणून सांगितलं. सरांनी काचेमागूनच तिला समजवायला सुरुवात केली, की तू चपराशाची परीक्षा घेतेयस, खरी परीक्षा साहेबाची हवी. मुलगी हसून मशीन चालवत होती. मला बाहेर बसून काही आवाज स्पष्ट ऐकू येत होते. सरांचा अंगठा बटणावर तसाच होता. ते मुलीच्या तोंडाकडे बघत होते, शिट्टीची वाट बघत. तपासणी संपल्यावर तिने कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "अंकल, आपके साहब तो बिल्कुल ठीक होंगे. पर चपरासी कब का रिटायर हो गया. चिट्ठी अंदर जाएगी कैसे?"

म्हणजे तो महात्मा, ती शांती, डीजेसमोरचा तो पेपर, सगळं एवढंच होतं. माणूस बहिरा झाला होता. आणि काकूंना ते ठाऊक होतं. त्या जिन्यात हसल्या होत्या ते यालाच.

परत येताना रिक्षात सर बाहेर बघत म्हणाले, "मला माहीत होतं. पुष्कळ दिवसांपासून. वर्गात मागच्या मुलांचे प्रश्न ऐकू यायचे बंद झाले, तेव्हापासून." मग म्हणाले, "कमाल बघ. हिचा आवाज जुना झाला हे भरसभेत सांगायला मला लाज वाटली नाही. माझे कान जुने झाले हे सांगायला वाटत होती."

रसायनं खरीच होती. खोटं होतं ते सरांचं त्यांच्या आडोशाला जाऊन बसणं. मला त्यांची दया आली आणि रागही आला, आणि खरं सांगायचं तर राग जास्त आला. रिक्षावाला आरशातून बघत होता. त्यांचाच कुणी नापास विद्यार्थी असणार.

मशीन आलं. कानामागे बसणारं, मुगाच्या शेंगेएवढं. सर त्याला "नवा चपराशी" म्हणायला लागले. पहिले काही दिवस त्यांनी बिल्डिंग डोक्यावर घेतली. फ्रिज एवढा घरघरतो? कबुतरं दिवसभर घुमतात? माझ्या चपला अशा फटाफट वाजतात, आणि मला कुणी सांगितलं नाही? कान तपासणाऱ्या मुलीने बजावलं होतं, की नवे आवाज पचवायला मेंदूला काही महिने लागतील, धीर धरा. हे वाक्य सरांनी स्वतः कितीतरी लोकांना ऐकवलेलं होतं, त्यामुळे त्यांना ते अजिबात आवडलं नाही. दिवाळीनंतर लग्नं सुरू झाली आणि पहिला डीजे वाजला, तेव्हा सर कानातलं मशीन उपटून, सदऱ्याची बटणं न लावता, एकटे थान्यात जाऊन तक्रार देऊन आले. गुप्ताजी मला म्हणाले, "महात्माजी को ये क्या हो गया?" मी म्हटलं, "नॉरअॅड्रिनॅलिन."

पण ज्यासाठी मशीन आणलं, तो आवाज काही येईना. सर स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसत. काकू पोळ्या लाटत. लाटण्याचा आवाज येई, बांगड्यांचा येई, काकूंचा नाही. एकदा मी वर गेले होते, तेव्हा माझ्यासमोरच सर म्हणाले, "निर्मला, माझं चुकलं." एवढ्यावर थांबले असते तर काम झालं असतं. पण स्वभावाला औषध नाही. "आणि ते का चुकलं, तर माणसाला जेव्हा कमीपणा वाटतो, तेव्हा मेंदूत असं होतं, की..."

काकूंनी मिक्सर लावला. सरांनी दोन्ही हातांनी कान धरला.

मी काकूंना म्हटलं, आता बास करा, फार ताणलंत. त्या म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याने म्हटलं असतं ना मंडळात माइकवरून, मग सांगितलं असतं तू मला." तरी मनात वाटायचं, की काकू जरा जास्तच कठोर झाल्या आहेत. बाईचं मन उठलं की उठलं, असं मी धरून चालले होते.

होळी झाल्यावर मी फ्रीगंजातलं घर बंद करून इंदूरला मुलीकडे राहायला निघाले. त्यानंतर सरांची माझी भेट झाली नाही. त्याच वर्षी, पावसाळा सरता सरता, ते गेले. मधल्या दिवसांत त्या घरात काय बोलणं झालं, ते काकूंनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला विचारायची गरज वाटली नाही, कारण निघण्याच्या सकाळी मी किल्ली द्यायला वर गेले होते.

दार उघडंच होतं. सर गॅलरीच्या पडद्याआड उभे होते. अनवाणी. चपला दूर सोफ्याखाली ढकललेल्या, वाजू नयेत म्हणून. एक बोट कानामागच्या मशीनवर. खाली रस्त्यावर भाजीचा ठेला लागला होता आणि काकू आमच्याकडे पाठ करून भाजीवाल्याशी भाव करत होत्या. गिलकी घेऊन झाली होती, कोथिंबीर वरून मागून झाली होती, पिशवी भरलेली होती. त्या फाटकाकडे वळतच होत्या.

"सर, येते मी..." मी म्हटलं.

सरांनी गर्रकन वळून ओठांवर बोट ठेवलं. जन्मात कुणाला वाक्य पुरं करू न दिलेला माणूस, मला गप्प करत होता, ऐकायचं होतं म्हणून. "श्श," ते कुजबुजले, "ती बोलतेय!"

आता बहिऱ्याचं कुजबुजणं ते. मॅरेज गार्डनपर्यंत गेलं असेल. चौकीदाराने वर पाहिलं. भाजीवाल्याने वर पाहिलं. काकूंनी पाहिलं नाही. त्या जागच्या जागी थांबल्या, परत ठेल्याकडे वळल्या, भरलेली पिशवी ठेल्यावर ठेवली आणि पाढे म्हणून दाखवायच्या त्या जुन्या खणखणीत आवाजात विचारलं, "भैया, वो कटहल कैसे दिया? और ज़रा ये भी बताओ, इसको बनाते कैसे हैं?"

हर्डीकरांच्या घरात फणसाची भाजी कुणीच खात नाही. भाजीवाला सांगत राहिला, आणि काकू एकेक गोष्ट त्याला परत परत विचारत राहिल्या.